रेडिओग्राम

व्हॉल्व्हचा रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि लाऊडस्पीकर एकाच लाकडी कपाटात बसवलेला संच. ट्रान्झिस्टर येण्यापूर्वी तो सधन घराच्या दिवाणखान्याची शान होता. मर्फी, फिलिप्स व एचएमव्ही ही त्या काळातली परिचित नावे. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला व १९५३ मध्ये आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाल्यावर सोलापूरसारख्या गिरणगावातही रेडिओची गोडी वाढली.

वर्षानुवर्षे बंद पडलेला संच थेट विजेला जोडू नये. आधी जुने कागदी व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलावेत. मग बल्ब सिरीजमध्ये घालून वीज द्यावी. बल्ब प्रखर पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे. आत २०० ते ३०० व्होल्ट असतात व प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. व्हॉल्व्ह मात्र उगाच बदलू नयेत. ते बहुधा धडधाकट निघतात.

सोलापूरच्या चाळिशीपार उन्हाळ्याचा खरा बळी पिकअपमधला रोशेल क्षाराचा स्फटिक. उष्णता आणि दमटपणा, दोन्ही त्याला सोसत नाहीत. त्याजागी सिरॅमिक कार्ट्रिज चालते. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला जाड सुई लागते, एलपीला बारीक. अदलाबदल केल्यास एलपीची खोबण खराब होते. कपाटाला चकचकीत पॉलीयुरेथेन फासणे हा अरसिकपणा, लाखेचे पॉलिशच शोभते.

बहुतेक जुन्या संचांत एफएम पट्टा नसतो. मीडियम वेव्ह ऐकताना मोबाइलचे चार्जर व एलईडी दिवे बंद ठेवले की खरखर बरीच कमी होते.