७२.७१ मीटरचा मनोरा

आपल्या बेळगावच्या आठवणींत आज जरा लांबचा माणूस आणतोय. पण शेवटी वाट शहापूरच्या तालमीकडेच येते, तेवढा धीर धरा.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात लेकीकडे हेलसिंकीला गेलो होतो. एके दिवशी जावयांनी तिथलं ऑलिम्पिक स्टेडियम दाखवायला नेलं. बाहेर पाव्हो नुर्मीचा धावता पुतळा, आणि स्टेडियमला चिकटून एक सडपातळ पांढरा मनोरा. लिफ्टने वर गेलो. खाली सगळं शहर, झाडी, पलीकडे समुद्र. लेक म्हणाली, "बाबा, ह्याची उंची ७२ मीटर ७१ सेंटिमीटर आहे. मुद्दाम तेवढीच ठेवलीय." मी म्हटलं, असा कसा अवघड आकडा? सत्तर नाही, पंच्याहत्तर नाही? तर म्हणाली, त्यांच्या एका भालाफेकपटूने ऑलिम्पिकमध्ये तेवढा लांब भाला टाकला होता.

तो आकडा डोक्यातून जाईना. घरी आल्यावर त्या माणसाचं मिळेल ते वाचून काढलं. नाव मॅटी यार्विनेन.

आधी एक सांगतो. भाला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फेकायची वस्तू येत नाही. आमचे आज्जा शहापूरच्या तालमीत फरी-गदगा आणि बोथाटी शिकवायचे. बोथाटी म्हणजे टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेला सरावाचा भाला. त्यांचा पहिला धडा असा, की भाला हातातून सुटला म्हणजे संपलास. आपल्या जुन्या फौजेत विटा नावाचा फेकायचा भाला होता, पण त्यालाही मागे दोरी, फेकून परत ओढून घ्यायला. फिनलंडच्या लोकांचं उलट. हातातून सोडायचा, तोही असा की पुन्हा आणायला फर्लांगाचा तिसरा हिस्सा चालत जावं लागेल.

मॅटीचा जन्म १९०९ चा, टांपेरेचा. टांपेरे म्हणजे कापड गिरण्यांचं गाव. तेव्हा फिनलंड स्वतंत्र नव्हता, रशियाच्या झारच्या ताब्यात होता. त्याचे वडील वेर्नर यार्विनेन थाळीफेकपटू. १९०६ साली अथेन्सला ग्रीक पद्धतीच्या थाळीफेकीत ते पहिले आले, आणि फिनलंडमध्ये ते आपलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मानलं गेलं. (ती स्पर्धा आज अधिकृत यादीत धरत नाहीत, पण त्यांच्या मनात धरलेलीच आहे.) वडिलांचं खूळ चारही मुलांत उतरलं. एका मुलाचं नावच अकिलेस, ग्रीक वीरावरून ठेवलेलं. त्याने दशशर्यतीत १९२८ आणि १९३२ अशी दोनदा रौप्यपदकं मिळवली. काल्ले गोळाफेकीत, थोरला यर्यो भालाफेकीत. मॅटी धाकटा.

भालाफेक हा उत्तरेकडचा घरचाच खेळ. १९०८ पासून त्यातलं ऑलिम्पिक सुवर्ण एक तर स्वीडनकडे जायचं, नाही तर फिनलंडकडे. १९२० ला अँटवर्पमध्ये पहिले चारही नंबर फिनलंडचे. पहिला आला योन्नी म्युरा, त्याने १९२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा सुवर्ण घेतलं, आणि तिथून घरी न परतता अमेरिका गाठली. १९२८ ला बाजी स्वीडनच्या लुंडक्विस्टने मारली, आणि लगेच ७१.०१ मीटर टाकून सत्तरी ओलांडणारा तो जगातला पहिला माणूस ठरला.

मग आला मॅटी. १९३० च्या ऑगस्टमध्ये व्हीपुरी नावाच्या गावी त्याने ७१.५७ टाकला. नवा विश्वविक्रम. वय एकवीस. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्याने स्वतःचाच विक्रम आणखी तीनदा मोडला, आणि चौथ्या खेपेला पुन्हा व्हीपुरीतच ७२.९३ वर नेला. सहा आठवड्यांत चार विश्वविक्रम!

त्या वेळचा भाला लाकडी, टोकाला पोलादी फाळ, मध्ये सुतळीची मूठ. वजन ८०० ग्रॅम, म्हणजे किलोलाही कमी. त्यामुळे नुसत्या दंडाच्या ताकदीचं इथे काम नाही. फिनलंडवाल्यांनी एक पद्धत बसवली होती. धावत यायचं, शेवटच्या पावलांत उजवा पाय डाव्याच्या पुढून आडवा टाकायचा. त्याने अंग आडवं होतं आणि भाला मागे राहतो. मग डावा पाय जमिनीत रोवला, की धावेचा सगळा जोर कमरेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात आणि तिथून भाल्यात जातो. धनुष्य ताणून सोडावं तसं. पण हे धनुष्य म्हणजे माणसाची पाठ. ती किती दिवस ताणणार?

१९३२ चं ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला. फिनलंडचा संघ तिथे पोचला तो दुखावलेल्या मनाने. पैसे घेऊन धावल्याचा ठपका ठेवून नुर्मीला ऐन वेळी बंदी घातली होती. अशा वेळी मॅटीने ७२.७१ टाकला. दुसरा आला त्यांचाच सिप्पाला, ६९.८० वर. तिसरा पेंटिला, तोही त्यांचाच. पहिल्या-दुसऱ्यात जवळजवळ तीन मीटरचं अंतर. ज्याच्यावरून मनोरा उभा राहिला, तो हा भाला.

गंमत बघा, हा त्याचा सर्वांत लांब भाला नव्हेच. लॉस एंजेलिसच्या आधीच, जूनमध्ये, त्याने तुर्कूला ७४.०२ टाकला होता. १९३३ मध्ये तीन विक्रम, शेवटचा ७६.१०. १९३४ ला तुरिनमध्ये पहिली युरोपीय स्पर्धा झाली, तिथे ७६.६६ आणि सुवर्ण. १८ जून १९३६ ला हेलसिंकीत ७७.२३. हा दहावा विश्वविक्रम. सहा वर्षांत एकट्या माणसाने जगाची हद्द साडेपाच मीटरहून जास्त पुढे सरकवली.

त्यानंतर जेमतेम सात आठवड्यांत बर्लिनचं ऑलिम्पिक आलं. सगळे धरूनच चालले होते की सुवर्ण ह्याचंच. पण पाठ गेली होती. दुखऱ्या पाठीने टाकला आणि पाचवा आला. सुवर्ण घेतलं जर्मनीच्या ष्ट्योकने, ७१.८४ वर. मॅटीने जूनमध्ये ह्याहून पाच मीटर पुढे टाकलेला. फिनलंडला रौप्य आणि कांस्य मिळालं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते सुवर्ण उत्तरेच्या बाहेर गेलं.

आपल्याकडे असं झालं तर काय होतं ते मी सांगायला नको. पण तो थांबला नाही. १९३८ ला पॅरिसला युरोपीय स्पर्धेत ७६.८७ टाकून पुन्हा पहिला आला. त्याच वर्षी त्याचाच देशबांधव निक्कानेनने विश्वविक्रम त्याच्याकडून घेतला आणि ऑक्टोबरमध्ये ७८.७० वर नेऊन ठेवला. तो १९५३ पर्यंत टिकला.

आणि ह्याच १९३८ साली हेलसिंकीचं स्टेडियम उघडलं, मनोऱ्यासकट. १९४० चं ऑलिम्पिक टोकियोने सोडलं म्हणून ते हेलसिंकीकडे आलं होतं. मॅटी तेव्हा एकतीस वर्षांचा असता. घरचं मैदान, समोर स्वतःच्या मापाचा मनोरा. पण महायुद्ध पेटलं, रशियाने फिनलंडवर हल्ला केला आणि ऑलिम्पिक रद्द झालं. १९४३ मध्ये अकिलेस विमान अपघातात गेला. युद्ध संपलं तेव्हा व्हीपुरी, जिथे मॅटीने पहिला विश्वविक्रम केला ते गाव, रशियात गेलेलं होतं. त्या भागातले चार लाखांहून जास्त लोक घरदार सोडून इकडे आले.

हे वाचताना मी जरा थांबलो. आपलं दुःख आणि त्यांचं दुःख एका मापाचं नाही, हे मला कळतं. १९५६ ला आपण आपल्याच घरांत राहिलो, फक्त नकाशावरची रेघ सरकली. पण गाव एकीकडे आणि आठवण दुसरीकडे, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

अखेर १९५२ ला हेलसिंकीत ऑलिम्पिक झालं. मैदानातली ज्योत नुर्मीने पेटवली, आणि मनोऱ्याच्या माथ्यावरची हान्नेस कोलेहमाइनेनने. हा कोलेहमाइनेन म्हणजे १९२० च्या अँटवर्प मॅरेथॉनचा विजेता. आणि मंडळी, त्या मॅरेथॉनमध्ये त्याच्या मागून कोण धावत होतं? आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले! वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, नंबर एकोणिसावा. भारताचा पहिलाच छोटा संघ होता तो.

ह्याच १९५२ च्या हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते, लोकांच्या वर्गणीवर गेले. १९८४ ला अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

मनोऱ्यावर उभा असताना मला ह्यातलं बरंचसं माहीत नव्हतं. आता वाटतं, त्या लोकांनी ७७.२३ का घेतलं नाही, ७२.७१ च का घेतलं? मनोऱ्याचं काम चालू होतं तेव्हा मोठे आकडे हाताशी होतेच. मला समजलं ते असं. विश्वविक्रम दुसरा कोणी तरी मोडतो, मॅटीचाही मोडला. पण लॉस एंजेलिसचा तो दिवस सगळ्या गावाचा होता, आणि तो कोणालाच मोडता येत नाही. १९५२ ला त्याच मैदानावर अमेरिकेच्या यंगने ७३.७८ टाकला, मनोऱ्याहून मीटरभर जास्त. म्हणून मनोरा कोणी वाढवला नाही. मॅटी १९८५ ला गेला. मनोरा तेवढाच आहे.

आता शहापूरला येतो. आज्जांची बोथाटी आमच्या माळ्यावर अजून आहे. बांबूला चीर गेलीय, चिंध्यांचा गोळा उंदरांनी खाल्लाय. लोक सांगायचे, त्यांच्या अंगाला बोथाटी लावलेला माणूस पंचक्रोशीत नव्हता. पण कोणत्या साली, कोणाशी, कुठे, काहीच नोंद नाही. मी दहा-बारा वर्षांचा असताना ते ओसरीवर बसून सगळं सांगायचे. मी ऐकायचो आणि खेळायला पळायचो. एक वही घेऊन बसलो असतो तर आज दोन पानं तरी हातात असती. ही चूक माझीच.

चौगुल्यांची ती ४५ सेकंदंसुद्धा राहिली, कारण परदेशात कोणीतरी घड्याळ लावून लिहून ठेवली. आपल्या तालमींतल्या माणसांची वेळ कोणी लावली नाही.

मनोरा बांधणं आपल्या हातात नाही. पण तुमच्याही घरात कोणी मल्लखांबावरचा, कुस्तीतला, मॅरेथॉनमधला असेल. त्याचा एखादा फोटो, एखादं प्रशस्तिपत्र, नाही तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आठवणारं साल, जे असेल ते ह्याच महिन्यात वहीत उतरवा. मी आज्जांच्या शेवटच्या हयात शिष्याकडे येत्या रविवारी जाणार आहे. वय नव्वदच्या वर आहे. वही घेतलीय.