पंप बोलून नाही राहिला

सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरायचं, पण गाडी काही सुरू व्हायची नाही. कळमेश्वरचं आमचं अंगण, मे महिना, सकाळचे सहा. आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला आठ वाजता होतं. ती मांडीवर पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसली होती. बाबांनी दहाव्यांदा चावी फिरवली तेव्हा सेल्फचाही आवाज दमला. शेवटी आई आजीला घेऊन काटोलकडून येणाऱ्या एसटीनं गेली. डोळ्याचं नीट झालं, पण बाबा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

गाडी म्हणजे २०१० सालची मारुती ८००. त्या एप्रिलमध्ये १३ शहरांत भारत स्टेज चार लागू झालं आणि तिथे ही गाडी विकणं बंद झालं. मुंबई, पुणे, अगदी सोलापूरही त्या यादीत होतं. नागपूर नव्हतं. म्हणून बाबांना ती नवी मिळाली. (देशाची हवा मोजणारी नीरी १९५८ पासून नागपुरात आहे. नियम मात्र आमच्याकडे नेहमी उशिराच्या गाडीनं येतात.)

बंद पडण्याची ही पहिली वेळ नव्हती. आदल्या आठवड्यात ती दोनदा रुसून आपोआप सुरू झाली होती. तेव्हा शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपनं पाच मिनिटांत सांगितलं, ईसीएम गेलाय, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. त्यांनी सांगितलेल्या पैशांत तशीच अर्धी गाडी आली असती. बाबा एमआयडीसीत शिफ्टला जातात. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला तो ठेवलाच.

गाडीत कॉम्प्युटर आला कुठून, याचं उत्तर शोधायला मला आमच्या अंगणातून फार लांब जावं लागलं. कार्बोरेटर ही साधी, देखणी वस्तू. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं पेट्रोल बारीक छिद्रातून वर येतं आणि दोन्ही मिसळतात. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पण मिश्रण नेहमी थोडं कमी-जास्त. धुराचे नियम आले तेव्हा हे 'थोडं' चालेनासं झालं. अमेरिकेतल्या, विशेषतः कॅलिफोर्नियातल्या नियमांना तोंड देण्यासाठी फोक्सवॅगननं १९६७ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा आपल्या १६०० मॉडेलवर बसवली. पुढे सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, असं जवळजवळ नेमकं प्रमाण लागतं. स्क्रूड्रायव्हरनं ते सांभाळणं अशक्य.

भारतात हे वळण कोर्टातून आलं. एम. सी. मेहतांच्या १९८५ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २९ एप्रिल १९९९ रोजी आदेश दिला, की दिल्ली परिसरात १ एप्रिल २००० पासून युरो दोनच्याच खासगी गाड्यांची नोंदणी होईल. कंपन्यांची धावपळ उडाली आणि मारुती ८०० ला एमपीएफआय इंजिन मिळालं. मग रघुनाथ माशेलकरांच्या समितीनं टप्पे आखले. मुंबई-पुण्यासह ११ शहरांना एप्रिल २००५ पासून भारत स्टेज तीन, उरलेल्या देशाला तेव्हाच भारत स्टेज दोन. आम्ही 'उरलेल्या देशात'.

या उरलेल्या देशात, काटोल रोडवर, आमचे मिस्त्रीकाका गॅरेज चालवत. फिएट आणि अ‍ॅम्बेसेडरवर शिकलेले. नुसत्या आवाजावरून कार्बोरेटर जुळवायचे. त्यासाठी दूरदूरची माणसं गाडी घेऊन यायची. इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि बॉनेट उघडलं तर फिरवायला स्क्रूच नाही! त्यांचं गिऱ्हाईक स्कॅनरवाल्यांकडे गेलं. काही वर्षं त्यांनी मारुतीला हातच लावला नाही. डिझेल जीप आणि ट्रॅक्टरवर घर चालवलं. पुढे कोणीतरी दाखवलं, की सुझुकीच्या त्या काळच्या काही गाड्यांत तारेच्या तुकड्यानं दोन पिना जोडल्या की डॅशवरचा इंजिनाचा दिवा मिचकावून बिघाडाचा आकडा सांगतो. एकदा उघडझाप, मग दोनदा, म्हणजे १२, म्हणजे सगळं ठीक. त्या दिव्यापासून ते पुन्हा शिकायला लागले. वय तेव्हा पन्नाशीचं.

ते आमच्या अंगणात आले आणि आधी शेजारचा रेडिओ बंद करायला लावला. मग मला म्हणाले, "चावी फिरव. पण सेल्फ नको मारू. आईक."

मी चावी अर्धी फिरवली. इंजिनाचा दिवा लागला. "दिवा लागून राहिला म्हणजे कॉम्प्युटरले करंट आहे," ते म्हणाले. मग मागच्या सीटवर कान टेकवला. पुन्हा चावी, पुन्हा शांतता.

"पंप बोलून नाही राहिला."

चावी फिरवल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि नळीत दाब भरतो. कार्बोरेटरला नाममात्र दाब पुरायचा, इंजेक्टरला अडीच-तीन बार लागतो. गुणगुण ऐकू आली असती तर पुढचा संशय स्पार्कवर, किंवा इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर. इथे तशी वेळच आली नाही. फ्यूज ठीक. रिले बदलून पाहिला, फरक नाही. पंपाच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला तर चावीसरशी दोन सेकंद पेटून विझला. म्हणजे कॉम्प्युटर इमानदारीत वीज पाठवत होता. काकांनी खाली वाकून टाकीवर मुठीनं दोन ठोसे दिले. "आता मार." गाडी सुरू झाली.

बाबा हसले. काका नाही हसले. "भाऊ, हा इलाज नोहे. उद्या जंगलात बंद पडन."

नवा पंप नागपूरहून आणला, खर्च ईसीएमच्या मानानं किरकोळ. जुन्याची जाळी काढली तर गाळानं काळी पडलेली. काका बाबांना म्हणाले, "रिझर्व्हवर चालवता न?"

हे बाबांना लागलं. आमच्या घरात टाकी कधी भरलेली मी पाहिली नव्हती. शंभरचं, दोनशेचं, पगार झाला की पाचशेचं. आधीची कार्बोरेटरवाली ८०० या सवयीवर वर्षानुवर्षं चालली, कारण तिचा पंप इंजिनावर होता, इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारा. नव्या गाडीचा पंप विजेचा, टाकीत बुडालेला. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. काटा तळाला आणि बाहेर पंचेचाळीस अंश, म्हणजे तो उघडा पडून तापणार. हे आम्हाला गाडी विकताना कोणी सांगितलं नव्हतं. बाबा निष्काळजी नव्हते. पैसे पुरवून पुरवून वापरणाऱ्या माणसाचा तो शहाणपणा होता, आणि गाडी खालून बदलून गेली होती.

आता बाबा काटा पावाखाली जाऊ देत नाहीत. त्यासाठी काय कमी केलं ते सांगत नाहीत. परवा धापेवाड्याला निघालो, तेव्हा त्यांनी चावी अर्धी फिरवली आणि हात वर केला. आम्ही सगळे गप्प. मागून आजीनं विचारलं, "बोलला का रे?"