सक्तीचे शिक्षण आणि गावच्या मास्तरांचा शरद ऋतू

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, याचा सार्थ अभिमान आपल्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. इ. स. १८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली महालात, अमरेली गाव व आसपासची काही खेडी निवडून हा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये कायद्याने तो सर्व राज्याला लागू झाला. आरंभी मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. पुढे ती वाढविण्यात आली. या इतिहासात महाराज दिसतात, दिवाण व विद्याधिकारी दिसतात. परंतु हुकूम अखेर ज्याच्या हातून अंमलात यायचा, तो खेड्यातील प्राथमिक शिक्षक मात्र फारसा दिसत नाही. त्याचे काम किती कठीण होते हे समजून घ्यावयाचे असेल, तर त्याच्या वर्षातील भाद्रपद ते कार्तिक हा काळ पाहावा.

राज्याचे सरकारी वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैस संपे. म्हणजे जुन्या वर्षाचे आकडे वर पाठवून नवी हजेरीपत्रके उघडावीत, तोच पावसाळा सरू लागे आणि शेतीचा हंगाम अंगावर येई. उत्तरेकडील कडी प्रांतात व अमरेलीकडे बाजरी कापणीला येई; दाणा भरला की पाखरे राखायला पोर हवेच. नवसारी प्रांतात भाताची कापणी; आणि त्यानंतर पांढरे सोने, म्हणजे कापसाची वेचणी. आई-बाप शेतावर गेले की धाकट्या भावंडाला कडेवर घेणारी मुलगी सात-आठ वर्षांचीच असे. कायद्याच्या नजरेतून हे मूल 'गैरहजर' होते, तर कुणब्याच्या नजरेतून ते घराला हातभार लावीत होते. या दोन नजरांच्या मध्ये शिक्षक उभा होता.

सक्तीच्या कायद्यात दंडाची तरतूद होती. आजारपण, शाळेचे अंतर अशा कारणांसाठी सूट असे. परंतु केवळ पीक उभे आहे म्हणून मूल घरी ठेवता येत नसे. कोण आले, कोण आले नाही, हे शिक्षकाचे हजेरीपत्रक सांगे. दंडाची कारवाई महसुली अधिकाऱ्यांच्या हाती. नोकरीची सारी वर्षे महसुली दफ्तरात काढलेल्या माझ्यासारख्याला यातील मर्म चटकन उमगते. दंड वसूल करणारा अधिकारी फेरी करून परत जातो. ज्याच्या नोंदीवरून दंड झाला तो मात्र त्याच गावात राहतो, त्याच विहिरीचे पाणी पितो आणि ज्याच्यावर दंड बसला त्याच्याच ओसरीवरून रोज शाळेत जातो. तुटपुंज्या पगारावर राहणाऱ्या माणसाला गावाशी वैर परवडणारे नव्हते. खरी हजेरी लिहावी तर गाव रुसे. खोटी लिहावी तर तपासनीस आल्यावर नोकरीवर बेतायचे. आश्विनातील रिकाम्या वर्गासमोर बसून त्याने काय लिहिले असेल, याचा विचार अहवालांतील आकडे वाचताना प्रत्येकाने करावा.

काही वर्षे तर पीकच नव्हते. १८९९ मध्ये पावसाने दगा दिला आणि गुजरातेत 'छप्पनियो' या नावाने आजही ओळखला जाणारा संवत १९५६ चा दुष्काळ पडला. त्या शरदात शेतावर राखण्यासारखे काही उरलेच नव्हते. पोटासाठी घरेच्या घरे बाहेर पडली, तिथे पाटी-पुस्तकाची गोष्ट कोण बोलणार?

अंत्यजांच्या शाळांची अडचण आणखी वेगळी. महाराजांनी त्यांच्यासाठी शाळा काढल्या, परंतु तेथे शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक धजत ना. बहुधा मुसलमान शिक्षकांवर काम चालवावे लागले. पुढे १९०८ च्या सुमारास आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांनी या कार्याची धुरा उचलली. आपल्या पूर्वजांपैकी कोण कोणत्या बाजूला उभे होते, हा प्रश्न आपल्या मंडळींना अवघड वाटेल. पण राज्याच्या लौकिकाचा वाटा मागताना तोही टाळता येणार नाही.

असे असले तरी शरद ऋतू शिक्षकाला अनुकूलही होता. विद्यारंभाला दसऱ्याइतका शुभ दिवस नाही. आपल्या घरांतून त्या दिवशी पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती रेखून तिची पूजा होई. गुजरातेत दिवाळीला वहीपूजन आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला नवे वर्ष. वही पूजणाऱ्या समाजाला हिशेब येणाऱ्या मुलाची किंमत निराळी सांगावी लागत नसे. कायद्याच्या धाकाने जे पालक वळत नसत, ते मुलगा आंक घडाघडा म्हणू लागला, नात्यातल्या कुणाचे पत्र वाचून दाखवू लागला, की वळत. सक्तीला गावाची संमती मिळवून देण्याचे काम दंडापेक्षा या छोट्या प्रसंगांनी अधिक केले असावे, असे मला वाटते.

१९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून महाराजांनी राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत हिंडू लागली. शाळा सुटलेला मुलगा पुन्हा निरक्षर होऊ नये, हा त्यामागील हेतू. खेड्यात ही पुस्तके सांभाळण्याचे कामही पुष्कळदा शिक्षकाकडेच आले.

या कष्टांचे फळ देशाने पाहिले. १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडताना बडोद्याचा दाखला दिला. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी बडोद्यात सुमारे ८० टक्के शाळेत होते, ब्रिटिश हिंदुस्थानात जेमतेम २२. मुलींच्या बाबतीत हे प्रमाण ४७ विरुद्ध ४ असे होते. मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले. साऱ्या देशात मात्र शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला, म्हणजे अमरेलीनंतर ११७ वर्षांनी.

या नव्या कायद्यानेही शिक्षकाला जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक या तीन कामांतून मोकळे केलेले नाही. मतदारयाद्यांचे काम पुष्कळदा ऐन दिवाळीच्या मागेपुढेच येते, आणि स्थलांतर करणाऱ्या मजुरांची मुले आजही याच दिवसांत पटावर राहून वर्गातून नाहीशी होतात. त्यांना परत आणायला जाणारा अजूनही शिक्षकच असतो.

आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी राज्याच्या शाळांतून अशी नोकरी केली. कुणाच्या माळ्यावरील जुन्या पेटीत त्यांची रोजनिशी, बदलीचा हुकूम वा एखादे हजेरीपत्रक असेल, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाकडे द्यावे, ही विनंती. राजाची चरित्रे लिहून झाली आहेत. त्याचा हुकूम घेऊन बाजरीच्या शेतापर्यंत गेलेल्या मास्तरांचे चरित्र त्या कागदांतच सापडेल.