शारदेचीं गाणीं आणि शारदेचा कायदा

बालविवाहाला आळा घालणारा जो कायदा १९३० सालीं अंमलांत आला त्याला महाराष्ट्रांत ‘शारदा कायदा’ असें म्हणण्याचा प्रघात पडला. देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकावरूनच सरकारनें हें नांव घेतलें, अशी आमच्या आजोळच्या मंडळींची ठाम समजूत होती. आणि ती त्यांच्यापुरतीच होती असें मला वाटत नाहीं. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. मध्यवर्ती कायदेमंडळांत हें बिल मांडणारे गृहस्थ अजमेरचे हरबिलास सारडा. त्यांच्या आडनांवानें कायदा ओळखला जाऊं लागला, आणि मराठी जिभेनें त्या सारडांची शारदा करून टाकली! ही चूक खरी; परंतु श्रोतेहो, या चुकीच्या पोटांत एक इतिहास आहे आणि तोच आज मला सांगावयाचा आहे. एका संगीत नाटकाच्या पोटीं कायदा जन्माला आला असें ज्या समाजाला सहज खरें वाटलें, त्याच्या मनावर त्या नाटकांतील पदांचा पगडा केवढा असला पाहिजे!

गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १८५५ सालचा; गांव हरिपूर, सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरचें. बेळगांवास शिकत असतां अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास त्यांना घडला, आणि १८८० सालीं किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचा जो संसार थाटला त्यांतच देवलांचें पुढील आयुष्य गेलें. तोंवर त्यांनीं लिहिलेलीं नाटकें संस्कृत किंवा इंग्रजी ग्रंथांच्या आधारानें रचलेलीं होतीं. ‘शारदा’ मात्र सर्वस्वीं त्यांची स्वतःची. १८९९ च्या जानेवारींत किर्लोस्कर नाटक मंडळीनें इंदुरास त्याचा पहिला प्रयोग केला. दुष्यंत आणि अर्जुन ज्या रंगभूमीवर गात होते तेथें आतां एका दरिद्री भटजीच्या घरांतील मुलगी गाऊं लागली.

नाटकाचा विषय जरठ-कुमारी विवाह. तो समजून घ्यावयाचा तर त्या काळचें एक विलक्षण गणित ध्यानांत घेतलें पाहिजे. ब्राह्मणादि जातींत मुलीचें लग्न ऋतुप्राप्तीपूर्वीं झालेंच पाहिजे, असा दंडक होता. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्यानें मोकळीक दिली होती खरी. पण तसें लग्न करणाऱ्याच्या वांट्याला बहिष्कार ठरलेला. मग ज्याची बायको वारली त्यानें दुसरी आणावयाची कोठून? विधवा वर्ज्य, आणि प्रौढ कुमारिका तर समाजांत शोधूनहि सांपडावयाची नाहीं. म्हणून बिजवर तिशीचा असो, पन्नाशीचा असो कीं सत्तरीचा असो, त्याच्या पुढ्यांत यावयाची ती नऊ-दहा वर्षांची पोरच. यांतून थोर माणसेंहि सुटलीं नाहींत. १८७३ सालीं माधवराव रानड्यांची पहिली पत्नी वारली, त्या वेळीं ते तिशी ओलांडलेले होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीचे आधारस्तंभ म्हणून ओळखले जात होते. तरीहि वडिलांच्या आग्रहापुढें त्यांनीं मान तुकविली आणि त्याच वर्षीं अकरा वर्षांच्या रमाबाईंशीं त्यांचें लग्न झालें. पुढें रमाबाईंनीं जें कार्य केलें तें सर्वश्रुत आहे. परंतु त्या दिवशीं त्या अकरा वर्षांच्या होत्या, हें विसरतां येत नाहीं.

जेथें वर श्रीमंत आणि म्हातारा, तेथें या गणितांत पैसाहि शिरे. मुलीबद्दल द्रव्य घेणें शास्त्रानें निषिद्ध मानलें होतें. व्यवहारानें मात्र त्याला पुष्कळ पळवाटा काढून ठेविल्या होत्या. देवलांनीं बापाचें नांव कांचनभट ठेवलें, म्हाताऱ्याचें भुजंगनाथ आणि मधल्या दलालाचें भद्रेश्वर दीक्षित. नांवांतच सगळें आलें.

या विषयावर वाद कमी झाले होते असें मुळींच नाहीं. १८८४ सालीं बेहरामजी मलबारींनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर आपलीं टिपणें प्रसिद्ध केल्यापासून १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होईपर्यंत महाराष्ट्रांत दुसरें कांहीं बोललेंच जात नव्हतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. एका बाजूला रानडे, भांडारकर, आगरकर. दुसऱ्या बाजूला परक्या सरकारनें आमच्या धर्मांत हात घालूं नये म्हणणारे टिळक. स्मृतींतील वचनें निघालीं, वैद्यकाचे दाखले निघाले, सभा झाल्या, सभा उधळल्या. या सर्व कोलाहलांत जिचें लग्न व्हावयाचें ती काय म्हणते, हें ऐकूं येण्याची सोय नव्हती. अपवाद एकच आठवतो, तो रखमाबाईंचा. बालपणीं लावून दिलेल्या नवऱ्याकडे जाण्याचें त्यांनीं नाकारलें, १८८५ सालीं ‘एक हिंदु स्त्री’ या सहीनें मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत पत्रें लिहिलीं, आणि १८८७ सालीं न्यायालयानें त्यांच्यापुढें नवऱ्याचें घर किंवा सहा महिन्यांचा तुरुंग असे दोन पर्याय ठेवले तेव्हां तुरुंगाची तयारी दाखविली. पण इंग्रजींत लिहूं शकणाऱ्या रखमाबाई किती असणार? बाकीच्या मुलींचें म्हणणें जात्याच्या घरघरीबरोबर ओव्यांतून निघे आणि तेथेंच विरून जाई.

देवलांनीं केलें तें इतकेंच कीं, हें म्हणणें दिवाणखान्यांतील पुरुषांना तिकीट काढून ऐकावयास लावलें.

त्यांच्या पदांच्या चालींकडे पाहा. साकी, दिंडी, ओवी, कीर्तनांतील परिचित वळणें, बायकांच्या गाण्यांतील घरगुती चाली यांवर त्यांची भिस्त आहे. पुढें १९११ सालीं ‘मानापमान’ आलें, १९१६ सालीं ‘स्वयंवर’ आलें, आणि गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांच्या चालींनीं नाट्यसंगीताला निराळेंच वैभव प्राप्त झालें. तें वैभव मी मनापासून मानतों. परंतु ‘स्वयंवरां’तील पद गावयाचें तर गळा तयार पाहिजे, ‘शारदे’तील पद धुणें धुतांना म्हणतां येतें. नाटकगृहांत पद्यांचीं छोटीं पुस्तकें विकत मिळत. तीं घरीं येत आणि ज्या बायकांनीं नाटकगृहाचा उंबराहि पाहिलेला नाहीं त्यांच्या तोंडीं आठ दिवसांत तीं पदें बसत. आगरकरांचे निबंध कितीहि तेजस्वी असले तरी ते माजघरांत शिरले नाहींत. ‘शारदे’चीं पदें स्वयंपाकघरांत जाऊन बसलीं.

यांतील सर्वांत गाजलेलें पद अर्थात् भुजंगनाथाच्या वयाची थट्टा करणारें. नवरदेव कांहीं फारसा म्हातारा नाहीं, असें वरवर समर्थन करीत करीत त्याचें पंचाहत्तरीचें वय, त्याचे दांत, त्याचें एकंदर ध्यान श्रोत्यांपुढें मांडणारी ती उपरोधाची रचना आहे. त्या पदानें मराठी भाषेला एक कायमची टोपी देऊन ठेवली. गांवांत कोणी वृद्ध बिजवर बाशिंग बांधूं लागला कीं पोरें ती त्याच्या डोक्यावर ठेवावयास टपलेलीं असत. येथें एक गोष्ट मला मोठी मार्मिक वाटते. आमचे सारे कायदे मुलीचीं वर्षें मोजीत आले. १८९१ च्या कायद्यानें दहाचीं बारा केलीं, तींहि लग्नासाठीं नव्हे तर शरीरसंबंधापुरतींच. १९०४ सालीं सयाजीराव महाराजांच्या बडोदें संस्थाननें लग्नासाठीं मुलीचें वय बारा ठरविलें. सारडांच्या कायद्यानें तें चौदा केलें. १९४९ सालीं पंधरा झालें, १९७८ सालीं अठरा. परंतु नवरा अमुक वयापेक्षां म्हातारा असूं नये, असें यांपैकीं एकाहि कायद्यानें म्हटलें नाहीं. आजच्या कायद्यांतहि तशी मर्यादा नाहीं. नवऱ्याचीं वर्षें मोजलीं तीं त्या पदानें.

खुद्द देवलांनाहि कायद्याचा आधार नव्हता. १८९९ सालीं पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानें कुमारिकेशीं लग्न केलें तर तें कोणत्याहि न्यायालयांत रद्द होण्यासारखें नव्हतें. म्हणून नाटकांत ऐन मांडवांत लग्न मोडतें तें वयाच्या कारणावरून मोडत नाहीं. वर आणि वधूपिता एकाच गोत्राचे आहेत, हें कोदंड उघडकीस आणतो म्हणून मोडतें! शारदा नदीवर जीव द्यावयास जाते, कोदंड तिला वांचवितो, आणि शंकराचार्यांच्या संमतीनें दोघांचा विवाह होतो. टीकाकारांनीं या शेवटाला दुबळा म्हटलें तर मी त्यांच्याशीं वाद घालणार नाहीं. पण ज्या समाजांत मुलीचें रडणें हें लग्न थांबविण्यास पुरेसें कारण नव्हतें आणि गोत्र मात्र पुरेसें होतें, त्या समाजाचें याहून खरें चित्र कोणतें काढावयाचें?

मला अधिक महत्त्वाचें वाटतें तें दुसरें पद, म्हाताऱ्याला पाहून शारदा गाते तें भीतीचें पद. तें लोकांच्या हृदयांत कोरलें केशवराव भोसल्यांनीं. कोल्हापुरांत १८९० सालीं जन्मलेला हा मुलगा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत होता आणि अगदीं कोवळ्या वयांत शारदेच्या भूमिकेंत उभा राहिला. पुढें १९०८ सालीं ‘ललितकलादर्श’ काढणारे केशवराव ते हेच. स्त्रियांना रंगभूमीवर सहसा पाऊल टाकतां येत नव्हतें. म्हणून मुलीच्या मनांतील धास्ती तिच्याच वयाच्या मुलानें लुगडें नेसून गावी, असा हा योग. तो गाऊं लागला कीं ‘वन्स मोअर’च्या आरोळ्या उठत. ज्यांनीं टाळ्या पिटल्या त्यांपैकीं कित्येकांच्या घरीं त्याच वयाच्या सुना भाकऱ्या थापीत असतील, हा विचार माझ्या मनांतून जात नाहीं.

थट्टेच्या पदाचा गुण मीं सांगितला. दोषहि सांगितला पाहिजे. पंचाहत्तर वर्षांच्या लोभी, रंगेल म्हाताऱ्याला हंसणें फार सोपें असतें. तो हास्यास्पद ठरला कीं पंचेचाळीस वर्षांचा बिजवर आपोआप सभ्य ठरतो आणि अठ्ठावीस वर्षांचा तर स्पृहणीय स्थळ होऊन बसतो. भुजंगनाथाकडे बोट दाखवून कित्येक बापांनीं आपल्या दहा वर्षांच्या मुली निश्चिंतपणें उजविल्या असतील. भीतीच्या पदांत अशी पळवाट नाहीं. तें ज्या मुलीच्या तोंडीं बसलें तिचें तें झालें, मग समोरचा नवरा कितीहि वर्षांचा असो.

सारडांचें बिल पुढें आल्यावर चौकशीसाठीं जी समिति नेमली गेली तिचे अध्यक्ष सर मोरोपंत जोशी हे आपल्याकडचेच. १९२९ च्या सप्टेंबरांत कायदा मंजूर झाला आणि अंमल ठरला १ एप्रिल १९३० पासून. मध्यें सहा महिने मोकळे राहिले. या सहा महिन्यांत देशभर लग्नांची अशी धांदल उडाली कीं १९३१ च्या खानेसुमारींत लहान वयाच्या विवाहित मुलींचा आंकडा मागच्यापेक्षां फार फुगलेला दिसला. कायदाहि जरा भित्राच होता. शिक्षा महिनाभराची कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि एकदां लागलेलें लग्न कायमच. आजहि हा हिशेब मिटलेला नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील २० ते २४ वर्षें वयाच्या दर १०० स्त्रियांपैकीं सुमारें २२ जणींचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालेलें आढळलें.

आमची आजी त्या सहा महिन्यांतली. १९३० च्या माघांत तिचें लग्न लागलें, वय दहा. नवरा अठ्ठावीस वर्षांचा, बिजवर, सरकारी नोकरींतला. सर्वांनीं स्थळ उत्तम म्हणून वाखाणलें, आणि आजोबा पुढें खरोखरच भला माणूस ठरले. तांदूळ निवडतांना आजी ‘शारदे’चीं पदें गुणगुणत असे. थट्टेचें पद मीं तिच्या तोंडून कधीं ऐकलें नाहीं. भीतीचें मात्र नेहमीं, आणि तेंहि पहिल्या कडव्यापुरतेंच. नाटक तर तिनें पाहिलेलें नव्हतें. तेव्हां हें पद तूं शिकलीस कोठें, असें मीं एकदां तिला विचारलें. ती म्हणाली, “आमच्या वरातींत वाजंत्र्यांनीं वाजवलं होतं. शब्द मागाहून कळले.” मग सुपांतला एक खडा काढून तिनें बाजूला टाकला आणि म्हणाली, “चाल चांगली होती हो.”