तुरुंग पलायन व बंदिवर्गीकरण

तुरुंगातील कैदी निसटल्यास समाजाला अथवा राज्यसंस्थेला कितपत धोका पोहोचेल, हे अजमावून त्यांची विभागणी करण्याच्या आणि त्यांना कमीअधिक बंदोबस्तात ठेवण्याच्या पद्धतीस बंदिवर्गीकरण म्हणतात. कैद्यांचे वर्ग पाडण्याची प्रथा जुनी असली, तरी ‘हा कैदी पळाला, तर काय होईल?’ या एका प्रश्नाभोवती सबंध तुरुंगव्यवस्थेची मांडणी करण्याचा ठळक प्रयत्न १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये झाला. भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड लूइस माउंटबॅटन हे त्याचे सूत्रधार होते.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी तुरुंगांची भिस्त भिंत, कोठडी आणि कुलूप यांवर होती. पेंटनव्हिल (१८४२) येथे कैदी दिवसाचा बहुतेक काळ स्वतंत्र कोठडीत एकटाच असे. त्यामुळे पलायनाचा निराळा विचार करण्याचे फारसे कारण पडत नसे. १८७९ पासून प्रथमच शिक्षा झालेल्यांचा ‘तारांकित’ वर्ग निराळा काढण्यात आला. सराईतांच्या संगतीपासून नवख्यांना दूर ठेवणे, एवढाच त्यामागील हेतू होता. ग्‍लॅडस्टन समितीच्या अहवालानंतर (१८९५) सुधारणावादी विचारास बळ मिळाले आणि १९३६ मध्ये वेकफील्डजवळ न्यू हॉल येथे भिंती नसलेला खुला तुरुंग सुरू झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. व्ही. शांताराम यांच्या दो आँखें बारह हाथ (१९५७) या चित्रपटाचे मूळ याच प्रयोगात आहे.

कामासाठी, शिक्षणासाठी कोठड्यांची दारे उघडू लागली. बाहेरची भिंत मात्र होती तशीच राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर गर्दी इतकी वाढली, की एकासाठी बांधलेल्या कोठडीत तिघांना ठेवावे लागे. त्याच सुमारास दीर्घ शिक्षांचे प्रमाण वाढले. सोव्हिएट संघासाठी हेरगिरी करणाऱ्या जॉर्ज ब्‍लेक यास १९६१ मध्ये ४२ वर्षांची, तर १९६३ च्या प्रसिद्ध आगगाडी दरोड्यातील अनेकांना १९६४ मध्ये ३० वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. १९६५ मध्ये खुनासाठी असलेली देहान्त शिक्षा स्थगित झाली. सुटकेची आशा नसलेला, पाठीशी पैसा आणि साथीदार असलेला हा कैदी जुन्या तुरुंगांना अपरिचित होता.

परिणाम लवकरच दिसला. दरोड्यातील चार्ल्‌स विल्सन ऑगस्ट १९६४ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून नाहीसा झाला. त्याच्या साथीदारांनी बाहेरून आत शिरून त्याला नेले. जुलै १९६५ मध्ये रॉनल्ड बिग्ज वाँड्झवर्थची भिंत दोराच्या शिडीने ओलांडून बाहेर उभ्या असलेल्या गाडीत उतरला. २२ ऑक्टोबर १९६६ रोजी ब्‍लेक वर्मवुड स्क्रब्जमधून पळाला. त्याच्या शिडीच्या पायऱ्या विणकामाच्या सुयांच्या होत्या, आणि ती पुरविणाऱ्यांत त्याच तुरुंगातून सुटलेला एक आयरिश मनुष्य होता. ब्‍लेक पुढे मॉस्कोला पोहोचला व २०२० मध्ये तेथेच मरण पावला.

गृहमंत्री रॉय जेंकिन्स यांनी तातडीने माउंटबॅटन यांच्याकडे चौकशी सोपविली. दोन महिन्यांत सादर झालेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की देशात खऱ्या अर्थाने सुरक्षित असा एकही तुरुंग नाही. त्यांनी चार वर्ग सुचविले. ज्यांचे पलायन जनतेस, पोलिसांस वा राज्याच्या सुरक्षिततेस अत्यंत घातक ठरेल, ते ‘अ’ वर्गात. ज्यांचे पलायन अतिशय दुष्कर करणे पुरेसे आहे, ते ‘ब’ वर्गात. खुल्या तुरुंगात विश्वास टाकता येणार नाही, परंतु निर्धाराने पळण्याची कुवत वा साधने ज्यांच्यापाशी नाहीत, ते ‘क’ वर्गात. आणि विश्वासपात्र ते ‘ड’ वर्गात. यात गुन्ह्याचे स्वरूप हा केवळ एक पुरावा असून खरी कसोटी भविष्याविषयीच्या अंदाजाची आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘अ’ वर्गासाठी वाइट बेटावर सु. १२० कैद्यांचा एकच अभेद्य तुरुंग बांधावा आणि त्याच्या भिंतीआड जीवन शक्य तितके मोकळे असावे, अशी त्यांची शिफारस होती. अहवालाचा हा दुसरा भाग पुढे बहुधा दुर्लक्षितच राहिला.

चार वर्ग स्वीकारले गेले. बेटावरचा तुरुंग मात्र बांधला गेला नाही. निवडक धोकादायक माणसे एकत्र कोंडल्यास तेथील वातावरण असह्य होईल, असे मत लीऑन राझिनोविच यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने १९६८ मध्ये मांडले आणि ‘अ’ वर्गीयांना भक्कम वेढ्याच्या अनेक तुरुंगांत विखरून ठेवण्याचा पर्याय सुचविला. टेहळणी मनोऱ्यांवर सशस्त्र पहारेकरी नेमण्याची या उपसमितीची सूचना शासनाने नाकारली, परंतु विखुरणीचे धोरण अंगीकारले. त्याची किंमत त्या तुरुंगांतील इतर कैद्यांना मोजावी लागली. मूठभरांसाठीचे कुंपण, झडत्या व पहारा शेकडो ‘ब’ वर्गीयांवर आपोआप लादला गेला. पार्कहर्स्ट (१९६९) व हल (१९७६) येथील दंगलींची कारणे अनेक असली, तरी ही घुसमट त्यांत होतीच.

वर्ग ठरविण्याची प्रक्रिया बराच काळ गुप्त राहिली. ‘अ’ वर्गात टाकलेल्या कैद्याच्या भेटींवर कडक निर्बंध येतात, मुदतपूर्व सुटकेची शक्यता मावळते. तरीही त्याला कारणे सांगितली जात नसत. अहवालांचा सारांश त्याला कळला पाहिजे, असा निर्णय इंग्‍लंडच्या उच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिला.

सप्टेंबर १९९४ मध्ये व्हाइटमुरच्या खास सुरक्षा विभागातून सहा, तर जानेवारी १९९५ मध्ये पार्कहर्स्टमधून तीन कैदी निसटले. सर्व परत पकडले गेले. दोन्ही ठिकाणी उपकरणांपेक्षा झडती आणि पहारा यांतील शैथिल्य अधिक कारणीभूत होते. पार्कहर्स्टमध्ये तर कैद्यांनी किल्ली स्वतः घडविली होती. त्यानंतरच्या लर्मंट अहवालाने (१९९५) एकाच अतिसुरक्षित तुरुंगाची कल्पना पुन्हा पुढे आणली आणि ती पुन्हा बाजूला पडली. सप्टेंबर २०२३ मध्ये, बिग्ज पळाला त्याच वाँड्झवर्थमधून, हेरगिरीसंबंधीच्या आरोपाखालील एक कच्चा कैदी अन्न पुरविणाऱ्या मालमोटारीच्या तळाला लटकून बाहेर पडला. अशा आरोपीस ‘ब’ वर्गाच्या तुरुंगात का ठेवले, हाच प्रश्न प्रथम विचारला गेला.

भारतात वर्गीकरणाचा मार्ग निराळा होता. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाने स्त्रीपुरुष, अल्पवयीन, कच्चे व शिक्षा झालेले, दिवाणी व फौजदारी असे भेद केले. जतींद्रनाथ दास यांचा उपोषणात मृत्यू (१९२९) झाल्यानंतर आलेले ‘अ’, ‘ब’ व ‘क’ वर्ग तर सामाजिक दर्जा, शिक्षण व राहणीमान यांवर आधारलेले होते. अक्षरे तीच असली, तरी येथील ‘अ’ वर्ग सवलतीचा आणि ब्रिटनमधील ‘अ’ वर्ग सर्वांत कडक बंदोबस्ताचा. सुरक्षेच्या नावाखाली बेड्या घालण्याच्या अधिकारास सुनील बात्रा खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घातल्या. १६ मार्च १९८६ रोजी चार्ल्‌स शोभराज दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध घातलेले खाद्यपदार्थ देऊन निसटला; मुंबई पोलीस दलाचे निरीक्षक मधुकर झेंडे यांनी त्याला तीन आठवड्यांनी गोव्यात पकडले. केंद्र शासनाने २०२३ मध्ये राज्यांसाठी तयार केलेल्या आदर्श तुरुंग अधिनियमात उच्च सुरक्षा तुरुंग आणि कैद्यांचे सुरक्षाविषयक मूल्यमापन यांची तरतूद आहे. तुरुंग हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने तिचा स्वीकार राज्यांवर अवलंबून आहे.