धूर की धुकं?
विचार करायला शिकवण्याचा आपल्या परिसरातला इतिहास

(बोळिंज येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



समोर बरेच शिक्षक दिसताहेत, आणि आईवडील तर त्याहून जास्त. म्हणून सुरुवात एका कबुलीने करतो. तर्कशास्त्र शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. विचार कसा करावा, याचंच ते शास्त्र. आणि त्यातली बरीच वर्षं ते मी कसं शिकवलं? नोट्स उतरवून देऊन. मी सांगायचं, मुलांनी लिहायचं, मार्चमध्ये त्यांनी तेच मला परत करायचं.

एकदा न्यायदर्शनातलं अनुमान शिकवत होतो. उदाहरण नेहमीचंच. डोंगरावर धूर दिसतो, जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात; म्हणून डोंगरावर अग्नी आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. किनाऱ्याकडच्या गावातला, घरात कॉलेज बघणारा पहिलाच. म्हणाला, “सर, आमच्याकडे पहाटे खाडीवर धूर दिसतो. जवळ गेलं की ते धुकं निघतं. मग धूर आहे हे आधी कशावरून ठरवायचं?” मी म्हणालो, “हे परीक्षेला विचारत नाहीत. पुढे लिहून घे.” तो खाली बसला. त्यानंतर वर्षभर त्याने काही विचारलं नाही.

त्या रात्री घरी बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की हीच शंका आपल्या नैयायिकांनी शेकडो वर्षांपूर्वी काढलेली आहे. वाफ किंवा धुकं पाहून धूर समजणं म्हणजे मुळात हेतूच असिद्ध असणं. मुलाने ग्रंथ वाचलेला नव्हता, खाडी पाहिली होती. मी ग्रंथ वाचला होता आणि त्याला गप्प बसवलं. तर आजचं व्याख्यान त्या मुलाचं देणं आहे असं समजा.

प्रश्न असा आहे: मुलांना स्वतःच्या डोक्याने विचार करायला शिकवता येतं का? हल्ली याला ‘चिकित्सक विचार’ म्हणतात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात घोकंपट्टीपासून दूर जायला सांगितलं आहे, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तेच आहे. ऐकून वाटतं, ही काहीतरी नवी, बाहेरून आलेली गोष्ट आहे. तशी ती नाही. आपल्याकडे तिचा इतिहास आहे, आणि त्यातलं एक मोठं पान याच जिल्ह्यात लिहिलं गेलं आहे.

आधी पुण्याला जाऊ. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीही शाळा काढल्या. तिथे शिकलेल्या मुक्ताबाई नावाच्या मांग समाजातल्या मुलीने एक निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती वयाने अजून मुलगीच होती, शाळेत येऊन तिला तीनेक वर्षं झाली होती. निबंधाचा विषय होता मांग-महारांचं दुःख.

मी तर्कशास्त्राचा माणूस, म्हणून तो निबंध मी युक्तिवाद म्हणून वाचतो. ती म्हणते ते थोडक्यात असं: वेद फक्त ब्राह्मणांचे, इतरांनी ते पाहूही नयेत, असं तुम्हीच सांगता. मग आम्हाला धर्मपुस्तक नाही, हे उघड झालं. मग आमचा धर्म कोणता? इथे ती प्रतिपक्षाचं विधान तसंच्या तसं उचलते आणि त्यातून काय निघतं ते त्यालाच दाखवते. याला आपण पूर्वपक्ष नीट मांडणं म्हणतो. एम. ए. च्या मुलांना ते जमत नाही! आणि पुढे ती डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. घरावर धड छप्पर नसताना आमच्या बायका थंडीवाऱ्यात बाळंत होतात, त्यांना काय सोसावं लागतं, हे ती लिहिते.

हे त्या शाळेत कसं घडलं असेल? वर्गातली तासिकावार टिपणं काही आपल्यापुढे नाहीत. पण निबंधावरून एवढं म्हणता येतं, की तिच्या वस्तीतला अनुभव त्या शाळेत पुरावा म्हणून चालत होता. ‘तुझ्या घरचं काय सांगतेस, पुस्तकात काय आहे ते सांग’ असं तिथे कोणी तिला म्हटलेलं नसावं. माझ्या मते सगळी किल्ली इथेच आहे.

न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रत्यक्ष म्हणजे स्वतः अनुभवलेलं. अनुमान म्हणजे त्यावरून तर्काने काढलेलं. उपमान म्हणजे साम्यावरून कळलेलं. शब्द म्हणजे विश्वासू माणसाने सांगितलेलं. आता आपल्या मुलांचा शाळेतला दिवस आठवा. त्यात यातलं किती असतं? जवळजवळ सगळा शब्द. बाईंनी सांगितलं, पुस्तकात छापलं, गाईडमध्ये आलं. उरलेली तीन साधनं दप्तराबाहेर.

हे असं का झालं? जुन्या पंतोजींना दोष देऊन आपण मोकळे होतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेणारा तो पंतोजी. पण ते पाठांतर बाजारात रोज वापरात यायचं. पाठ केलेलं खरं की खोटं हे दुकानदार लगेच दाखवून द्यायचा. खरी गाठ बसली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. निकालावर अनुदान देण्याची पद्धत इंग्लंडमधून इकडे आली. इन्स्पेक्टर यायचा, मुलांना ठरावीक गोष्टी विचारायचा, जितकी मुलं पास तितके पैसे शाळेला. आता सांगा, अशा शाळेत कुठला शिक्षक मुलाला ‘तुला काय वाटतं?’ विचारेल? त्याचं पोट पाठ केलेल्या उत्तरावर अवलंबून. ती पद्धत कागदावरून गेली, अंगवळणी पडलेलं राहिलं. म्हणून मी शिक्षकांना दोष देत नाही. माणूस ज्याचं फळ मिळतं तेच पेरतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. इथून विरारला जा, डहाणू लोकल पकडा. तिकडे बोर्डी आणि कोसबाड आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्तीमध्ये काम केलेलं, माँटेसरी पद्धत अंगी मुरवलेली. १९३६ साली दादरला शिशुविहार काढलेलं. शहरात नाव झालं होतं. ते सोडून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या खेड्यात आल्या. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ. बालवयात लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग जिद्दीने शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी, असा त्यांचा प्रवास.

काळही पाहा. त्याच १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारली शेतकरी जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्ध, लग्नगड्याच्या गुलामीविरुद्ध ते उभे राहिले. या दोन कामांचा थेट संबंध मी जोडत नाही. पण ‘वेठ का करायची?’ हा प्रश्न मोठी माणसं पहिल्यांदाच जाहीरपणे विचारत होती, त्याच पट्ट्यात लहान मुलांची शाळा उभी राहत होती, एवढं लक्षात ठेवा. प्रश्न विचारणं ही तिथे चैन नव्हती.

बोर्डीला काय झालं? बालवाडी काढली, पण वस्तीतली मुलं येईनात. मग ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे वारली मुलं. तिथल्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं भावंड. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र केली, ती विकासवाडी. मुलगे येत नव्हते, कारण गुरं राखायला जायचे. मग बाई गुरांच्या मागे कुरणात गेल्या, ती कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधनं कुठून आणणार? म्हणून शिंपले, बिया, गोटे, पानं, काड्या. मोजायला बिया, वर्गीकरणाला पानं.

वरवर पाहता ही गरिबीवरची तोड वाटते. मला त्यात ज्ञानशास्त्र दिसतं. लाकडी ठोकळ्यांपुढे वारली मूल पाहुणं असतं. पानांपुढे ते जाणकार असतं. कुठलं पान गुरं खातात, कुठलं खात नाहीत, हे त्याला बाईंपेक्षा जास्त ठाऊक. बाईंनी विचारलं, ‘ही पानं एकत्र का ठेवलीस?’ तर त्याच्याकडे कारण असतं, आणि ते स्वतःचं असतं. कारण देता येणं, ही विचाराची पहिली पायरी.

पुढे १९७५ साली, २ ऑक्टोबरला, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्याचा अभिमान आहेच. पण इतिहासाचा एक नियम पाहा: शब्द लवकर पसरतो, सवय सावकाश पसरते. अंगणवाडी या शब्दातलं अंगण, म्हणजे मुलाच्या जगात आपण जायचं, हे किती ठिकाणी पोचलं? ते तुम्ही मला सांगा.

आता व्यवहाराचं बोलू. शिक्षकांनी उद्या वर्गात काय करायचं? निवृत्तीनंतर आजूबाजूच्या मुलांबरोबर बसून मी जे करून पाहिलं, तेवढंच सांगतो.

पहिलं: एक प्रश्न असा घ्या, ज्याचा पुरावा मुलांकडे आहे आणि तुमच्याकडे नाही. आपल्या वसई-विरारला असा प्रश्न पावसाळाच देतो. पाणी का तुंबतं? २०१८ च्या जुलैत केवढं पाणी भरलं होतं, आठवतं ना? मुलांना विचारा: तुझ्या गल्लीत कुठपर्यंत आलं? किती वेळ राहिलं? आजीच्या लहानपणी तिथे काय होतं? वाडीतलं मूल सांगेल, ओहोळ होता. म्हाडाच्या इमारतीतलं सांगेल, आमच्याकडे तर आलंच नाही. दोन्ही फळ्यावर लिहा. मग कारणं विचारा. कोणी म्हणेल पाऊस जास्त झाला, कोणी म्हणेल भराव घातला, कोणी म्हणेल भरती होती. प्रत्येक कारणापुढे एकच गोष्ट विचारा: हे चूक असेल तर आपल्याला कसं कळेल? भरतीची वेळ पाहता येते. ओहोळ चालत जाऊन पाहता येतो.

दुसरं: उत्तर ऐकल्यावर थोडं थांबा. आम्ही शिक्षक ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ फार लवकर म्हणतो. ते म्हटलं की वर्ग विचार करणं थांबवतो, कारण निकाल लागला.

तिसरं: वादाचे नियम शिकवा. न्यायसूत्रांत तीन प्रकार सांगितले आहेत. वाद म्हणजे खरं काय ते कळावं म्हणून, प्रमाण आणि तर्काने केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. त्यात शब्दांची ओढाताणही चालते. वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडणं. टीव्हीवर रात्री नऊला काय चालतं, ते तुम्हीच ठरवा. (हशा) आपल्या वक्तृत्व स्पर्धाही बऱ्याचदा जल्पच शिकवतात. वर्गात एक नियम करून पाहा: दुसऱ्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगायचं, मगच खोडायचं. मुक्ताबाईने तेच केलं होतं.

चौथं, आणि हे आईवडिलांसाठी. मोबाईलवर जे येतं, ते सगळं शब्दप्रमाण म्हणूनच येतं. त्याची कसोटी जुनी आहे. वात्स्यायन आप्त कोणाला म्हणतो? ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याला. आणि तो स्पष्ट म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखंच लागू. म्हणजे माणूस कोणाचा, हा प्रश्नच नाही. त्याला माहीत आहे का, आणि तो खरं सांगतोय का, एवढेच दोन प्रश्न. फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी घरात हे दोन प्रश्न मोठ्याने विचारा. मुलं ऐकत असतात.

एक शंका मला नेहमी विचारली जाते: ‘सर, मग पाठांतर सोडायचं का? दहावीचं काय?’ नाही सोडायचं. ज्याच्या डोक्यात काहीच नाही, तो कशाचा विचार करणार? धूर आणि अग्नी पुष्कळदा बरोबर पाहिल्याशिवाय व्याप्ती कळत नाही. पाढे हवेत, सनावळ्याही हव्यात. फक्त त्यांच्यावर शेवट करू नका. आणि आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. प्रश्न विचारायला शिकलेलं मूल तुमच्या सोयीचेच प्रश्न विचारेल असं नाही. ते उद्या तुम्हाला विचारेल, ही जात का पाहता? हा हुंडा का? मतदानाला पैसे का घेतले? ती तयारी नसेल, तर चिकित्सक विचार हा शब्द फलकावर लिहू नये.

आज आपल्या या भागात वाड्या कमी होऊन इमारती वाढताहेत. एका वर्गात वाडवळी बोलणारं मूल, कुपारी बोलणारं, आगरी, हिंदी, गुजराती बोलणारं मूल शेजारीशेजारी बसतं. प्रत्येकाने वेगळी खाडी पाहिलेली आहे. हा अडथळा आहे असं आपण समजतो. खरं तर एका वर्गात इतके साक्षीदार मिळणं हे भाग्य आहे.

तो मागच्या बाकावरचा मुलगा पुन्हा भेटला नाही. भेटला असता तर विचारलं असतं, जवळ जाऊन पाहिल्याशिवाय धूर की धुकं हे ओळखायची तुमच्या गावात काही खूण आहे का? मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी खाडीकाठचं असेल, तर आता चहाच्या वेळी सांगा.