हिवाळ्यातल्या शेततळ्याची पातळी

थंड देशांत हिवाळ्यापुरता पोहण्याचा तलाव बंद करताना पाणी थोडे खाली आणतात, कारण गोठणारे पाणी फुगते आणि नळ, फरशा फोडते. तलाव पूर्ण रिकामा मात्र सहसा करत नाहीत. भोवतीच्या जमिनीत पाणी असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाते. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात पारा 10 अंशांखाली उतरला तरी तळ्यावर बर्फ धरत नाही, म्हणून पहिल्या कारणाचा सोनपेठशी संबंध नाही. दुसरे कारण मात्र इथल्या प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्याला पुरेपूर लागू आहे, आणि नेमके तेच हिशेबात धरले जात नाही.

2016च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतले 30 बाय 30 मीटरचे, 3 मीटर खोल तळे घेऊ. बाजूंचा उतार एकास एक धरला तर तळ 24 बाय 24 मीटरचा होतो आणि पाणी मावते 2196 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 22 लाख लिटर. खोदाई काळ्या मातीतून खालच्या मुरमात जाते. पावसाळा संपताना भूजल वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीला असते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पावसाळ्यानंतरची नोंद ऑक्टोबरमध्ये घेते ती यासाठीच. गोदाकाठी किंवा कालव्याच्या पाझराखाली हे पाणी तळ्याच्या तळापेक्षा वर असू शकते. अस्तराबाहेरचे पाणी आतल्यापेक्षा 1 मीटर उंच राहिले, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून सुमारे 1 टनाचा दाब येतो. याला विरोध करणाऱ्या 500 मायक्रॉनच्या अस्तराच्या कागदाचे वजन चौरस मीटरला अर्धा किलोही भरत नाही, शिवाय ते प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलके. कागद दाबून ठेवतो तो आतल्या पाण्याचा भार. तेच पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात रब्बीसाठी उपसून तळे कोरडे केले की कागद फुगतो, घडीवर किंवा सांध्यावर ताणतो आणि फाटतो. मग दोष कागदाच्या प्रतीला दिला जातो.

म्हणून खालची मर्यादा ठरवताना पिकाआधी शेजारची विहीर पाहावी. तिच्यातले पाणी तळ्याच्या तळाच्या वर असेल, तर तळ्यातली पातळी विहिरीच्या पातळीखाली नेऊ नये. विहीर उतरत जाईल तसे तळे उतरवावे. विहीर तळाच्या खाली गेल्यावरही हातभर पाणी राहू द्यावे, वाऱ्याने कागद उचलू नये म्हणून.

वरच्या मर्यादेचे फार सांगायला नको. अवकाळी पाऊस येतो, 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने गारपीटही पाहिली. काठाशी थोडी जागा मोकळी असावी, एवढेच.

या दोन मर्यादांच्या मधले पाणी लवकर वापरावे की राखावे? बाष्पीभवन पृष्ठभागावर अवलंबून असते. काठोकाठ तळ्याचा पृष्ठभाग 900 चौरस मीटर. दिवसाला 4 मिलिमीटर उडाले असे धरले तर 3600 लिटर गेले. पातळी 1 मीटरने उतरली की पृष्ठभाग 784 वर येतो आणि तोटा साधारण आठव्या हिश्शाने घटतो. त्या वरच्या एका मीटरात 841 घनमीटर असतात, तळाच्या मीटरात 625च. वरचा थर भरघोस आणि सर्वांत उधळा असतो, म्हणून हरभऱ्याची फुलोऱ्याची पाळी त्यातून द्यावी हे उत्तम. मोसंबीची बाग असणारा उन्हाळ्यासाठी राखेल. त्याचेही चूक नाही, फक्त त्याने हा तोटा किंमत म्हणून धरावा. विहिरीतले पाणी मोटारीने उपसून तळ्यात उघडे ठेवण्याचा प्रघात मात्र मला पटत नाही. त्याने अस्तराखालचा दाब उतरतो हे खरे, पण जमिनीच्या झाकणाखालचे पाणी उन्हात आणून ठेवण्यासारखे ते आहे.

पातळी अपेक्षेपेक्षा वेगाने उतरली तर गळती की ऊन, हे ठरवायला एक बादली पुरते. तळ्याचेच पाणी भरून ती काठाजवळ पाण्यात अर्धीअधिक बुडेल अशी, दगड घालून स्थिर ठेवावी. बादलीतली आणि तळ्यातली पातळी खुणेने नोंदवावी आणि उपसा बंद ठेवून एक दिवसाने मोजावी. दोन्ही सारख्या उतरल्या तर पाणी उडाले; तळे जास्त उतरले तर वरचा फरक गळतीचा. अस्तर नसलेल्या तळ्यात हा फरक पहिल्या भरणीला मोठा दिसतो, कारण वाळून भेगाळलेली काळी माती पाणी पिऊन फुगेपर्यंत भेगांतून पाणी सोडत राहते.